मोसुलच्या भिंतीवरचं ‘नून’ आणि आपलं मौन

उर्दू शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘नून’ हे अक्षर येतं. वाटीसारखा आकार आणि वर एक नुक्ता. २०१४ च्या जुलैमध्ये इराकच्या मोसुल शहरात हेच अक्षर रंगाने घरांच्या भिंतींवर काढलं गेलं. नून म्हणजे नसरानी, म्हणजे ख्रिस्ती. ज्या घरावर नून, ते घर यापुढे ‘इस्लामी राज्या’ची मालमत्ता, असा त्याचा अर्थ होता. आतल्या माणसांना आयसिसने सांगितलं, इस्लाम कबूल करा, नाहीतर जिझिया भरा, नाहीतर शहर सोडा. १९ जुलैच्या दुपारनंतर जो सापडेल त्याच्यासाठी तलवार.

लोक निघाले. वाटेतल्या नाक्यांवर त्यांच्याकडचे पैसे, दागिने, मोबाइल काढून घेण्यात आले. तीन आठवड्यांनी, ६ ऑगस्टच्या रात्री, निनवेच्या मैदानातलं सगळ्यात मोठं ख्रिस्ती गाव काराकोशही रिकामं झालं. एक लाखाच्या आसपास माणसं अर्बिलच्या अंकावा वस्तीत चर्चच्या आवारात, बागेत, अर्धवट बांधलेल्या इमारतीत झोपली.

या विषयावर आपल्याकडे एक वाक्य कायम तयार असतं. “ते कसले मुसलमान? त्यांचा इस्लामशी काही संबंध नाही.” वाक्य बरोबर आहे. मीही ते म्हणतो. पण ते म्हणून झालं की आपण विषय मिटवून टाकतो, हे मला मान्य नाही. या वाक्याने आपली सुटका होते. मोसुलच्या ख्रिस्ती माणसाला त्यातून काय मिळतं? त्याचं घर नाही, त्याची शाळा नाही, त्याचा कायदाही नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. इराकच्या ख्रिश्चनांना ‘संरक्षण’ मिळावं, एवढं म्हणून भागणार नाही. त्यांना मुसलमानाच्या बरोबरीचं नागरिकत्व मिळावं, असं आपण मुसलमान म्हणून उघडपणे म्हटलं पाहिजे. भारतात आपण स्वतःसाठी जे मागतो, तेच त्यांच्यासाठी.

मुळात ही माणसं कोण, हे आपल्याला ठाऊक नसतं. आपल्याकडे अनेकांचा समज असा की अरब देशांतले ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांच्या काळात मिशनऱ्यांनी धर्मांतर केलेले लोक. वस्तुस्थिती उलटी आहे. इस्लाम इराकमध्ये पोहोचला तेव्हा ही मंडळी काही शतकं आधीपासून तिथे होती. खाल्डियन, असिरियन, सुरयानी अशी त्यांची चर्चं आहेत. त्यांच्या प्रार्थनेची आणि कित्येक घरांतल्या बोलण्याची भाषा अरामी कुळातली, म्हणजे हजरत ईसा ज्या भाषेत बोलले तिच्याच घरातली. सद्दामच्या काळात अनेक वर्षं परराष्ट्रमंत्री असलेले तारिक अझीझ खाल्डियन ख्रिस्ती होते.

बगदादच्या सुवर्णकाळाचा आपल्याला केवढा अभिमान! बैतुल हिकमा, अब्बासी खलिफा, ग्रीक ग्रंथांचे अरबी अनुवाद. पण त्या अनुवादकांमधला सर्वांत मोठा माणूस हुनैन इब्न इसहाक हा हिरा गावचा ख्रिस्ती होता. नवव्या शतकात त्याने जालिनूसचे वैद्यकीय ग्रंथ सुरयानीत आणि अरबीत आणले. आपल्या हकीमसाहेबांच्या दवाखान्यावर ‘युनानी’ अशी पाटी असते, त्या विद्येच्या मुळाशी हुनैनसारख्यांची मेहनत आहे. आपण मुलांना बैतुल हिकमा शिकवतो आणि हुनैनचा धर्म सांगायचं विसरतो. ज्यांच्या पूर्वजांनी ती संस्कृती आपल्याबरोबर उभी केली, ते आज त्याच देशात पाहुणे ठरतात.

२००३ पूर्वी इराकमध्ये बारा ते पंधरा लाख ख्रिस्ती होते, असे अंदाज आहेत. आज बहुतेक अंदाज तीन लाखांच्या खालीच थांबतात. हे सगळं आयसिसने केलं असं म्हणायचीही सोय नाही. मोसुलचे आर्चबिशप पौलोस फराज रहो यांचं अपहरण झालं आणि नंतर मृतदेह मिळाला, ते वर्ष होतं २००८. बगदादच्या सय्यिदतुन नजात चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेत घुसून पन्नासहून जास्त लोकांना मारलं गेलं, ती तारीख होती ३१ ऑक्टोबर २०१०. नून भिंतीवर यायच्या कितीतरी आधीपासून लोक सामान बांधत होते.

“हे हजारो मैलांवरचं आहे, आपला काय संबंध?” असं कुणी म्हणेल. त्यांना आठवण करून देतो. मे २०१४ मध्ये आपल्या कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तिथून निसटून आयसिसला जाऊन मिळाले. पुढच्याच महिन्यात मोसुल पडलं. चार पोरं म्हणजे समाज नव्हे, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. २०१५ मध्ये देशभरातल्या हजाराहून जास्त उलेमांनी आयसिसविरोधी फतव्यावर सह्या केल्या आणि त्याचा पुढाकार मुंबईतून झाला, हेही सांगेन. त्या फतव्याची मला कदर आहे. पण फतव्याने तलवारीला नाही म्हटलं. तलवार म्यान झाल्यावर तो देश कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे.

आता आपल्या सबबी एकेक करून पाहू.

पहिली सबब, “हे सगळं अमेरिकेने केलं.” २००३ चा हल्ला खोट्या कारणावर झाला. महासंहारक शस्त्रं सापडलीच नाहीत. सैन्य बरखास्त केलं, देश फोडला, टोळ्यांना रान मोकळं करून दिलं. सगळं खरं. पण इराकच्या ख्रिश्चनांनी अमेरिकेला आमंत्रण दिलं नव्हतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या युद्धाला उघड विरोध केला होता. तरीही अमेरिकी रणगाडे आले आणि शिक्षा झाली चर्चला, कारण रणगाड्यातला सैनिकही ख्रिस्ती आणि शेजारचा दुकानदारही ख्रिस्ती. हा तर्क ओळखीचा वाटत नाही? सीमेपलीकडे काही घडलं की इथे आपल्या मोहल्ल्याकडे बोट दाखवलं जातं, तो हाच तर्क. इथे तो अन्याय असेल तर मोसुलमध्येही अन्यायच आहे.

दुसरी सबब, “मुसलमान जास्त मेले.” हेही खरं. जून २०१४ मध्ये तिक्रितजवळच्या स्पायकर तळावर आयसिसने शेकडो शिया तरुण सैनिकांना रांगेत उभं करून मारलं. मोसुलच्या लढाईत सुन्नी वस्त्यांचा चुराडा झाला. सिंजारमध्ये यझिदींवर जे झालं त्याला वंशसंहार हाच शब्द आहे. मेलेल्यांची मोजदाद केली तर ख्रिस्ती यादीत खाली येतील. पण शिया आणि सुन्नी समाज घायाळ झाले तरी इराकमध्ये टिकून आहेत, संसदेत आहेत, सत्तेत आहेत. ख्रिस्ती, यझिदी, साबियन मंदाई यांच्यापुढचा प्रश्न आपण या देशात उरणार की नाही, हा आहे. दुःखांची स्पर्धा लावून हा प्रश्न सुटत नाही.

तिसरी सबब जरा जास्त खरी आहे. “हा मुद्दा आपल्याविरुद्ध वापरला जातो.” होय, वापरला जातो. इथे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या वेळी शेजारच्या देशांतल्या पीडित अल्पसंख्याकांच्या नावाने आपल्याला बाजूला काढलं गेलं. पश्चिमेत निर्वासितांमधले फक्त ख्रिस्ती घ्या, असं म्हणणारे पुढारी निघाले. पण आपण गप्प बसल्याने हा वापर थांबला का? उलट ज्या पीडिताच्या बाजूने मुसलमान बोलत नाही, तो पीडित दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होतो. आपण बोललो असतो, तर हे हत्यार निदान बोथट झालं असतं.

आणि आपण ख्रिश्चनांबद्दल अगदीच बोलत नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या सेंट पोर्फिरियस चर्चच्या आवारावर इस्रायली बाँब पडला आणि आसऱ्याला आलेली माणसं मेली, तेव्हा आपल्या प्रत्येक ग्रुपवर ती बातमी फिरली. फिरायलाच हवी होती. मारणारा इस्रायल असला की चर्च दिसतं आणि मारणारा ‘आपला’ असला की दिसत नाही, एवढंच माझं गाऱ्हाणं आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आयसिसचं राज्य मोसुलमधून जुलै २०१७ मध्ये संपलं. मग ख्रिस्ती परत का गेले नाहीत? मोसुल शहरात मोजकीच कुटुंबं परतली. काराकोशमध्ये त्या मानाने बरीच आली, पण तिथूनही माणसं बाहेर पडत आहेत. बंदूक गेल्यावरही माणूस परतत नसेल, तर कारण बंदुकीच्या पलीकडे शोधावं लागतं.

इराकच्या २००५ च्या घटनेत कलम १४ म्हणतं, सगळे इराकी कायद्यासमोर समान. कलम २ मध्ये ख्रिस्ती, यझिदी आणि मंदाई यांच्या धर्मस्वातंत्र्याची हमी आहे. त्याच कलमात असंही आहे की इस्लामच्या प्रस्थापित नियमांच्या विरोधात कायदा करता येणार नाही. या दोन गोष्टींची टक्कर झाली की काय होतं, ते २०१५ च्या राष्ट्रीय ओळखपत्र कायद्यात दिसतं. त्याच्या कलम २६ नुसार आईबापांपैकी एकाने इस्लाम स्वीकारला की अज्ञान मुलांची नोंदही मुसलमान म्हणून होते. मुलांना कुणी विचारत नाही. मुसलमानाला दुसऱ्या धर्मात गेल्याची नोंद करण्याची वाट मात्र नाही. आयसिसच्या माणसांनी ज्या यझिदी स्त्रियांवर बलात्कार केले, त्यांच्या पोटी आलेल्या मुलांनाही कागदावर मुसलमानच व्हावं लागलं. ज्याने आईला गुलाम केलं, त्याचा धर्म मुलाच्या ओळखपत्रावर! हा कायदा आयसिसने केलेला नाही. तो आयसिसशी लढणाऱ्या देशाच्या संसदेने केला.

घरांचंही तेच. बगदादमध्ये परदेशी गेलेल्या ख्रिश्चनांची घरं खोटे कागद करून बळकावली गेली. बळकावणारे काळा झेंडा घेतलेले नव्हते. सरकारदरबारी आणि सशस्त्र गटांत वजन असलेले लोक होते. प्रकार इतका वाढला की जानेवारी २०२१ मध्ये मुक्तदा अल-सद्र यांना अशी घरं परत मिळवून देण्यासाठी समिती नेमावी लागली. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी खाल्डियन चर्चचे प्रमुख कार्डिनल लुईस साको यांच्या मान्यतेचा हुकूम मागे घेतला. हे साको स्वतः ख्रिश्चनांना देश सोडू नका म्हणून सांगत आले होते. त्यांनाच बगदाद सोडून अर्बिलला जावं लागलं, आणि ते २०२४ मध्ये परतले.

इथे आपल्या वक्त्यांचं आवडतं वाक्य येतं. “इस्लामी राज्यात जिम्मींना पूर्ण संरक्षण होतं.” इतिहास म्हणून त्यात तथ्य आहे. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा उस्मानी साम्राज्यात त्यांना आसरा मिळाला. त्या काळाच्या मापाने ती मोठी गोष्ट होती. पण आज ते माप चालत नाही. संरक्षण देणारा वर असतो आणि घेणारा खाली. देणाऱ्याची मर्जी फिरली की संरक्षण संपतं. आपल्या देशात कुणी व्यासपीठावरून म्हणतो, “मुसलमानांनी घाबरू नये, आम्ही त्यांना सुखाने राहू देऊ,” तेव्हा आपल्याला ते का खुपतं? कारण ‘राहू देऊ’ म्हणणारा स्वतःला घरमालक आणि आपल्याला भाडेकरू समजतो. आपण ताबडतोब भारतीय संविधान पुढे करतो, कलम १४ आणि कलम २५ सांगतो. मग इराकच्या ख्रिश्चनासाठी आपल्या तोंडी जिम्मीचं संरक्षण का येतं? आपल्याला दिल्लीत संविधान हवं आणि त्याला बगदादमध्ये मेहेरबानी, हा दुटप्पीपणा आपण ज्यांच्याशी भांडतो त्यांनाही लगेच दिसतो.

हे मी एकटा म्हणत नाही. जानेवारी २०१६ मध्ये मराकेशला जगभरातले उलेमा जमले आणि मीसाक-ए-मदिनाचा आधार घेऊन मुस्लिमबहुल देशांत सर्वांना समान नागरिकत्व असावं, असा जाहीरनामा काढला. मदिनेच्या त्या करारात यहुदी कबिल्यांना मोमिनांबरोबर एकाच समुदायात मोजलं होतं, याची त्यांनी आठवण दिली. मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस नजफला गेले, तेव्हा आयतुल्लाह सिस्तानी यांनीही स्पष्ट केलं की ख्रिश्चनांनी इतर इराकींप्रमाणेच सुरक्षितपणे आणि पूर्ण घटनात्मक हक्कांसह जगलं पाहिजे. हक्क हा शब्द महत्त्वाचा आहे.

एखादा समाज देशातून नाहीसा होतो म्हणजे काय होतं, हे पाहायला पुण्याला जावं. ससून हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे, कॅम्पातलं लाल देऊळही. दोन्हींमागे डेव्हिड ससून यांचं नाव आहे. हे ससून बगदादचे ज्यू. तिथल्या सुभेदाराच्या छळाला कंटाळून एकोणिसाव्या शतकात मुंबईला आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादच्या लोकसंख्येत ज्यूंचा हिस्सा एक तृतीयांशाच्या आसपास होता. १९४१ मध्ये त्यांच्यावर ‘फरहूद’ नावाची दंगल झाली. नंतर इस्रायलची स्थापना, युद्ध, संशय आणि नागरिकत्व सोडून जाण्याचा कायदा असं सगळं एकावर एक आलं. १९५०-५१ मध्ये एक लाखाहून जास्त ज्यू निघून गेले. आज बगदादमध्ये बोटांवर मोजता येतील इतकेच उरले. त्यांचा व्यापार, संगीत, दवाखाने असं सगळं गेलं. त्याने बगदादचा मुसलमान सुखी झाला का? ज्यू गेल्यावर ख्रिश्चनांची पाळी आली, यझिदींची आली, आणि शेवटी शिया-सुन्नी एकमेकांचे मोहल्ले वेगळे करत बसले. ‘फक्त आपले’ उरावेत असं ज्यांना वाटतं, त्यांची ‘आपले’ची व्याख्या दर वर्षी आक्रसत जाते.

उलट वागणारे मुसलमानही तिथेच झाले. मोसुल विद्यापीठात कायदा शिकवणारे महमूद अल-असली यांनी २०१४ मध्ये ख्रिश्चनांच्या हकालपट्टीला विरोध केला आणि आयसिसने त्यांना मारलं, अशा बातम्या तेव्हा आल्या. ते शिक्षक होते, म्हणून त्यांचं नाव माझ्या लक्षात राहिलं. शहर मुक्त झाल्यावर २०१७ चा नाताळ सेंट पॉल चर्चमध्ये साजरा झाला, तेव्हा तिथली साफसफाई करायला मुस्लिम तरुण पुढे आले. युनेस्कोच्या प्रकल्पात अमिरातीच्या पैशातून नूरी मशीद आणि तिच्याबरोबर ताहिरा आणि अल-साआ ही चर्चं पुन्हा बांधली गेली. २०२० मध्ये इराकी संसदेने नाताळची देशभर सुट्टी जाहीर केली. आणि आपल्याकडे डिसेंबर उजाडला की चर्चा काय चालते? ख्रिसमसच्या शुभेच्छा देणं जायज की नाजायज!

मग आपण काय करायचं? अवघड काही नाही. जुम्म्याच्या दुआत गाझाचं नाव घेतो, त्याच दुआत निनवेचं नाव घ्या, ख्रिस्ती आणि यझिदी हे शब्द उच्चारून घ्या. अल्पसंख्याक हक्कांसाठी निवेदनं काढणाऱ्या आपल्या संघटनांनी इराकच्या कलम २६ वर एक निवेदन इराकी दूतावासाला पाठवावं. सदका गैरमुस्लिम गरजूला देता येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. परदेशी मदत पाठवणाऱ्यांनी काराकोशचाही विचार करावा. उर्दू शाळेत बैतुल हिकमा शिकवताना हुनैन ख्रिस्ती होता, हे एक वाक्य जास्त सांगावं. आणि वसईच्या, नगरच्या, मुंबईच्या ख्रिस्ती बांधवांबरोबर बसून हे बोलावं, म्हणजे उद्या इथे एखाद्या चर्चवर किंवा मशिदीवर दगड आला तर आपण एकमेकांना अनोळखी राहणार नाही.

सूरह हजच्या चाळिसाव्या आयतीत मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं आणि मशिदी यांचा उल्लेख एका ओळीने येतो, आणि यातलं काहीही उद्ध्वस्त होऊ नये हाच त्यामागचा भाव आहे. ही आयत आपण हिंदू मित्रांना नेहमी सांगतो. ती आधी आपल्यावर लागू आहे. मोसुलमध्ये चर्चच्या भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्या आत माणसं परतायची असतील तर कायदा बदलावा लागेल, घरं परत द्यावी लागतील. आणि ते करा म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज मुसलमानांचा असला पाहिजे.